आमच्या घरात दूध संपायचं नाही

आमच्या घरात साखर संपायची, चहा संपायचा, आगपेटी तर दर चार दिवसांनी संपायची. पण दूध, तेल, मीठ आणि पीठ यांतलं काहीही बावीस वर्षांत एकदासुद्धा संपलं नाही. म्हणजे डबे रिकामे व्हायचेच, पण तसं म्हणायची सोय नव्हती. वहिनी आतून सांगायची, "दूध आणायला हवं," नाहीतर, "तेलाचा डबा वाजायला लागलाय." पाहुण्यांना वाटायचं, काय नटवं बोलते ही बाई.

हा सगळा माझ्या भावाचा कारभार. मी त्याला दादा म्हणते, बचाव पथकातली माणसं मास्तर म्हणायची. घरं कोसळली, डोंगर खचला की ढिगाऱ्याखाली अडकलेली जिवंत माणसं वासावरून शोधून काढणारी कुत्री तो तयार करायचा. त्याच्या कुत्र्यांना खेळ थांबल्याची खूण म्हणून एकच शब्द होता, 'संपलं'. तो उगाचच्या उगाच कुत्र्याच्या कानावर पडता कामा नये, आणि घरात एक तरी कुत्रं पायात असायचंच. साखर 'संपली' चालायची, कारण शेवटी 'ली' येते. दूध म्हटलं की पंचाईत. शाळेत व्याकरणात नापास झालेला माझा भाऊ घरभर नपुंसकलिंगावर पहारा करत फिरायचा, आणि मी त्याची यथेच्छ टर उडवायचे. आता हे सांगताना हसू येत नाही.

आधी त्याचा शब्द वेगळा होता, 'बस'. खेळ पुरे झाला, आता बस. पण 'बस' म्हटलं की पहिलं कुत्रं तोंडातलं खेळणं न सोडता ठाण मांडून बसायचं आणि पुढचा हुकूम काय म्हणून बघत राहायचं. त्याची तरी काय चूक? आदल्या महिन्यात त्याला 'बस' म्हणजे खाली बसणं असंच शिकवलेलं. दादा आठवडाभर त्याच्याशी भांडला. मी तेव्हा सासरहून चार दिवस आले होते, शेवटी मीच म्हटलं की एका शब्दाला दोन नोकऱ्या कशाला देतोस, दुसरा शब्द शोध. त्यानं 'संपलं' शोधला. मी म्हटलं, हाही दिवसभर तोंडात असणारा शब्द आहे. तो म्हणाला, मग तोंड सांभाळा. आम्ही सांभाळलं.

खेळणं हे त्याचं शास्त्र होतं. लोकांना वाटतं, कुत्र्याला चेंडू टाकला की झालं. दादाकडे पत्र्याची एक हिरवी पेटी होती, तिला कुलूप, आणि किल्ली त्याच्या गळ्यात. सगळी खेळणी त्या पेटीत. गाठी मारलेले दोर, भोकाचे रबरी चेंडू, आणि सगळ्यांत लाडका तो ओंडका. आगीच्या बंबाचा फाटलेला पाइप हातभर कापायचा, आत चिंध्या ठासायच्या, आणि वहिनीनं जाड सुईनं दोन्ही तोंडं शिवायची. त्याला आम्ही ओंडका म्हणायचो. रोज संध्याकाळी दादा चष्मा लावून एकेका खेळण्याची शिवण तपासायचा, कारण पूर्वी एका कुत्र्याच्या पोटात सुटा धागा जाऊन ते मेलं होतं. एकही खेळणं जमिनीवर पडलेलं त्याला खपायचं नाही. अंगणात पडून राहिलेलं खेळणं म्हणजे दगड, असं तो म्हणायचा. माणूस हातात घेऊन ओढायला लागला, की मग ते खेळणं.

त्याचे नियम मला पाठ आहेत. पेटीचं कुलूप वाजलं की खेळ सुरू. रस्सीखेच करायची, चारातल्या तीन वेळा कुत्र्याला जिंकू द्यायचं. ते दमायच्या आत, त्याला अजून हवं असतानाच थांबायचं. दोन्ही हात उघडे करून दाखवायचे आणि सपाट आवाजात म्हणायचं, संपलं. मग ते कितीही नाचलं तरी त्याच्याकडे बघायचंसुद्धा नाही. पुन्हा पेटी उघडेपर्यंत खेळ नाही. आणि शोध हाही खेळच. कुत्र्याला ढिगारा, मेलेली माणसं, आक्रोश यांतलं काही कळत नाही. इथं कुठंतरी माणूस लपलंय, ते सापडलं की ओंडका मिळणार, एवढंच त्याला ठाऊक.

ते लपलेलं माणूस म्हणजे मी. कागदावर माझी नेमणूक 'मदतनीस' अशी होती, पण काम लपण्याचं. लग्न मोडून मी दादाकडे आले तेव्हा त्यानं मला घरात बसू दिलं नाही, सरळ पाइपात घातलं. सरावाच्या मैदानात फुटके स्लॅब, विटांचे ढीग आणि सिमेंटचे मोठाले पाइप टाकलेले होते. ओंडका छातीशी धरून मी आत शिरायचे, दादा तोंडाशी फळी लावायचा, वर राडारोडा टाकायचा. मग वाट बघायची. आत काळोख, सिमेंटचा थंड वास, आपलाच श्वास. बाहेरचं बोलणं ऐकू येतं, पण तुकड्यातुकड्यांत. आणि मग नखांचा आवाज. टक टक टक, थांबलं, पुन्हा टक टक. फटीतून सूं सूं करून हुंगणं. मग पंजांनी खरवडणं आणि भुंकणं. एकोणीस वर्षं मी हे ऐकलं. रोजचं काम, आपली माणसं, बाहेर सख्खा भाऊ, तरीही पंजे वाजले की दर वेळी माझ्या जिवात जीव यायचा.

माझ्या तोंडाला मात्र कधी फळी लागली नाही. दादाचं काहीही चुकलं की मी तिथल्या तिथे सुनावायचे. हात वर गेला, आवाज चढला, खेळाच्या सात मिनिटांची आठ झाली, पट्टा उलटा लावलास. पथकातले लोक म्हणायचे, मास्तरांना वरचे साहेब परवडले, बहीण नको. दादा ऐकून घ्यायचा. मी चिडते त्यात निम्म्या वेळा माझं बरोबर असतं हे त्याला माहीत होतं.

काजळी ही त्याची शेवटची कुत्री. काळीभोर, एका कानाला चीर, अंगानं किडकिडीत. तिच्याइतकं हुशार जनावर आमच्याकडे आलं नाही. पेटीचं कुलूप वाजलं की पाणी पिता पिता मान वर करायची. 'संपलं' म्हटलं की तोंडातला ओंडका तिथेच सोडून जागेवर जाऊन बसायची, हू की चू नाही. कोणीही म्हणो. एकदा शेजारणीनं दारात उभं राहून, "आमच्याकडचं पाणी संपलं हो," म्हटलं, तर बाईसाहेब अंगणातला खेळ टाकून कोपऱ्यात. दादाला त्या दिवशी आनंदानं जेवण गेलं नाही. शब्द असा मुरला पाहिजे, म्हणाला.

मग ती चार मजली इमारत पडली.

आम्ही सकाळी आठाला पोहोचलो. खाली दुकानं, वर बिऱ्हाडं. आता सगळं मिळून एक टेकाड झालेलं, आणि त्यातून पलंगाचे पाय, गाद्या, कोणाच्या तरी शाळेच्या वह्या बाहेर आलेल्या. मी गाडीत थांबायचे. कारण असं की प्रत्यक्ष जागेवर कोणी जिवंत सापडलं नाही तर कुत्रं खचतं, दुसऱ्या दिवशी नाक चालवत नाही. म्हणून काम आटोपल्यावर शेजारच्या एखाद्या अंगणात मी लपायचं, कुत्र्यानं मला शोधायचं, ओंडका जिंकायचा आणि खुशीत घरी जायचं.

काजळीनं अकराच्या सुमारास पहिली जागा दाखवली. आतून बारीक आवाज येत होता. आठनऊ वर्षांची मुलगी होती. पथकातल्या माणसांनी हातानं विटा काढायला घेतल्या, यंत्र लावायची सोय नव्हती, वरचा स्लॅब बसला असता. दादा पालथा पडून फटीतून तिच्याशी बोलत होता. कुत्री आवडते का, विचारत होता. माझी कुत्री तुला भेटायला आली आहे म्हणत होता. काजळीला दुसऱ्या बाजूला शोधायला मोकळं सोडलं होतं.

तीन वाजता मुलीला बाहेर काढलं. शेवटचा अर्धा तास तिचा आवाज नव्हता. डॉक्टरांनी मानेला हात लावला, डोळ्यांत बॅटरी मारली आणि उठले. दादा उकिडवा बसला होता. त्याचे दोन्ही हात गुडघ्यांवरून पुढे आले, तळवे उघडे, आणि तो म्हणाला, "संपलं."

मी गाडीच्या दारात उभी होते, वीसेक पावलांवर. मला तो दिसत होता, आणि त्याच्या पलीकडे जिन्याच्या बाजूला काजळी दिसत होती. ती एका फटीत नाक घालून शेपटी ताठ करून उभी होती. एक पंजा तिनं उचलला होता, खरवडायला सुरुवात केलीच होती. शब्द ऐकला आणि मान वळवली. उघडे हात बघितले. पंजा खाली ठेवला आणि शांतपणे येऊन दादाच्या मागे बसली.

मी बघितलं. बघितल्याबरोबर मला कळलंही. आयुष्यभर हा माणूस पट्टा उलटा लावतो म्हणून चारचौघांत त्याचा पाणउतारा करणारी मी, त्या वेळी दोन पावलं पुढे टाकून म्हणायला हवं होतं, दादा, ती काहीतरी दाखवत होती, पेटी उघड. एवढंच. पण समोर ती मुलगी झाकायला कोणी चादर शोधत होतं, आणि माझा भाऊ हुंदके देत होता. आई गेली तेव्हासुद्धा मी त्याला असा बघितला नव्हता. मला वाटलं, आता नको. पाच मिनिटांनी सांगू. मग वाटलं, त्यालाच कळेल. मग वाटलं, कदाचित नुसतं उंदराचं बीळ असेल. मन काय, हवं ते पुरवतं.

पाच मिनिटांनी त्यानं तोंड धुतलं आणि काजळीला उरलेल्या ढिगाऱ्यावरून फिरवलं. पेटी न उघडता. ती त्याच्या मागून चालली, सुट्टी झाल्यावर मुलं मास्तरांच्या मागून चालतात तशी, मान खाली, नाक बंद. जिन्याच्या बाजूवरूनही गेली. दादानं पथकाच्या साहेबांना हात हलवून सांगितलं की इकडे काही नाही. चार वाजता तिथे यंत्र लागलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी जिन्याखालच्या पोकळीत एक बाई सापडली. तळमजल्यावर शिवणकाम करायची. अंगावर कुठे मोठी जखम नव्हती. डॉक्टर म्हणाले, आज पहाटेपर्यंत जिवंत असावी. तिच्या बोटांची नखं तुटलेली होती.

चौकशी झाली. कुत्री त्या जागेवरून गेली होती हे सगळ्यांनी पाहिलेलं. मग दाखवलं का नाही? साहेब वाईट माणूस नव्हता, पण त्याला कागदावर काहीतरी उत्तर हवं होतं. काजळी निकामी, असं ठरलं. तिला पिंजऱ्यात ठेवलं, सराव बंद, खेळ बंद. दादानं अहवालावर सही करायची तेवढी राहिली. तो मध्येच उठून पेटी उघडायचा, ओंडका हातात घ्यायचा आणि परत ठेवायचा. कुलूप वाजलं की पिंजऱ्यातून काजळी उभी राहायची, मग हळूहळू बसायची. पंधरा दिवसांनी ती उभी राहीनाशी झाली. खायचीही अर्धंच. त्याला तो शब्द बोलल्याची आठवणच नव्हती. मी आडून आडून विचारून पाहिलं, त्याला फक्त त्या मुलीचे केस आठवत होते.

आणि मी? मी मूग गिळून बसले होते. सांगितलं तर भाऊ जातो, न सांगितलं तर कुत्री जाते. मी कोणाची बाजू घेतली ते उघड आहे. वहिनी म्हणाली, तुझ्या तोंडाचा पट्टा कसा काय बंद पडला? मी म्हटलं, घसा बसलाय.

सही करायच्या आदल्या सकाळी दादा म्हणाला, शेवटचं एकदा बघू या. मैदानात गेलो. पेटी उघडली, काजळीनं कान टवकारले. मी पाइपात शिरले. चार मिनिटांत तिनं शोधलं. जागा बदलली, विटांखाली गेले, तीन मिनिटांत शोधलं. तिसऱ्यांदा वारा उलटा असताना शोधलं. दादाला आनंद व्हायला हवा होता. तो मातीत बसला, तिचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि विचारत राहिला की मग त्या दिवशी तुला काय झालं होतं, सांग ना, काय झालं होतं. ती त्याचा हात चाटत होती. मला ते बघवेना.

मी म्हटलं, "अजून एकदा. या वेळी तू फळीजवळ उभा राहा. अगदी जवळ."

तो का म्हणून विचारायच्या आत मी शिरले. त्यानं फळी लावली. मला त्याच्या बुटांचा आवाज येत होता. मग लांबून नखं वाजली. टक टक, थांबली, पुन्हा टक टक. फटीशी तिचा श्वास आला, ओला आणि गरम. पंजा फळीवर घासला, एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा घासायच्या आत मी दादाच्याच सपाट आवाजात म्हटलं, "संपलं."

पंजा थांबला. श्वास फटीपासून दूर झाला. आणि नखं निघाली, टक टक टक, घाई नाही, शंका नाही, लांब लांब जात मातीत मिसळून गेली.

मी ठरवलं होतं की लगेच फळी ढकलून बाहेर यायचं आणि दादाला समजावून सांगायचं. पण मला हलताच येईना. एकोणीस वर्षांत मी पंजे येतानाच ऐकले होते, जाताना कधी ऐकले नव्हते. ती बाई आत पडून हेच ऐकत होती. आलं, हुंगलं, खरवडलं, आता काढतील, आणि मग निघून गेलं. त्यानंतर ती पहाटेपर्यंत जिवंत होती. मी तोंडात पदर कोंबला.

मग फळी सरकली. दादा गुडघ्यांवर होता. त्याचे हात पुढे आलेले, तळवे उघडे, आणि तो आपल्याच हातांकडे बघत होता.

"तू पाहिलं होतंस?" त्यानं विचारलं.

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

"तू रडत होतास, दादा."

त्यानं मला हात देऊन बाहेर काढलं, माझ्या पाठीवरची माती झटकली. मला वाटत होतं, मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं.

त्याच दुपारी त्यानं साहेबांना लिहून दिलं. कुत्रीचा दोष नाही. कुत्री जागा दाखवत असताना मी खेळ थांबवायचा शब्द उच्चारला, हाताची खूणही केली, नंतर पेटी न उघडता तिला फिरवलं आणि जागा मोकळी असल्याचं सांगितलं. चूक सर्वस्वी माझी. मी तो कागद दोनदा वाचला. गाडीच्या दारात उभी राहून सगळं बघणाऱ्या बाईचा त्यात उल्लेख नव्हता. मी म्हटलं, माझं लिही. त्यानं पेनाला टोपण लावलं. साहेबांकडे मी स्वतः गेले, तोंडी सांगितलं, तर ते म्हणाले, बाई, भावाला वाचवायला धडपडताय, समजतं मला.

काजळी कामावर परत गेली. दादाच्या जागी आलेला नवा माणूस तरुण आहे, शिकलेला आहे. त्यानं थांबायचा शब्दच काढून टाकला, शिट्टी ठेवली. दादानं किल्ली गळ्यातून काढून त्याच्या हातात दिली आणि शिवण रोज तपास, एवढंच सांगितलं. जिन्याखालच्या त्या बाईच्या नवऱ्याकडेही दादा गेला होता. तिथे काय बोलणं झालं ते त्यानं घरात सांगितलं नाही. आल्यावर चपला काढायचं विसरून तसाच आत येऊन बसला. मी लपायचं काम सोडलं, पण अजून लिफ्टमध्ये पाय ठेवत नाही.

आता घरात कुत्रं नाही. दादा दिवसभर खिडकीशी असतो. पेपर हातात असतो, वाचत असतो असं नाही. मी त्याच्या चुका काढत नाही, आणि त्या शांततेचा आम्हा दोघांनाही त्रास होतो.

परवा सकाळी मी चहा टाकायला गेले. वहिनी पातेलं तिरकं करून बघत होती. बावीस वर्षांत पहिल्यांदाच तिच्या तोंडून निसटलं, "दूध संपलं."

म्हटलं आणि हात तोंडावर गेला तिचा. आम्ही दोघी बाहेर बघायला लागलो. दादानं पेपर घडी करून बाजूला ठेवला, उठला, खुंटीवरची पिशवी घेतली आणि पायात चपला सरकवल्या.

"आणतो," म्हणाला.